तांबड्या पाण्यातली मुक्ताबाई

लोणावळ्याच्या खालच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी, ओहळवाडी म्हणून थोड्या घरांची वस्ती होती. वाडीच्या वर करवंदीच्या जाळ्यांमागं एका कपारीतून पाणी यायचं. त्याला कुणी देवाचं नाव दिलं नव्हतं. सगळे नुसतं 'तांबडं पानी' म्हणत. ओंजळीत घेतलं तर ते नितळ दिसे, पण ज्या दगडावरून वाही तो दगड विटकरी झालेला असे, आणि तोंडात घेतलं तर विळ्याचं पातं चाटल्यासारखी चव लागे. गुरं त्याला तोंड लावत नसत. खरूज झाली, गुडघे धरले, बाळंतीण पांढरी पडली की माणसं तिथं येऊन अंगावर पाणी घेत, दगडाला हळदकुंकू लावत आणि घरी जात. कुणाला गुण येई, कुणाला येत नसे.

मुक्ताबाई कार्ल्याहून लग्न होऊन या वाडीत आली. अंगानं दणकट बाई. भाताचं पोतं एकटीनं उचलून ओसरीवर टाकायची. नवरा रखमाजी रेल्वेच्या गँगमध्ये रुळांखाली खडी भरायला जाई. त्यांना दोन मुलं झाली. मग अठरा सालची मानमोडीच्या तापाची, इन्फ्लुएंझाची साथ आली. आधी थोरला मुलगा गेला, आणि त्याची राख सावडायच्या आत रखमाजी गेला. वाडीत रडायलासुद्धा माणूस उरला नव्हता. जो तो आपापल्या घरातलं मढं बाहेर काढत होता. मुक्ताबाईच्या पदरात उरल्या दोघी, अंगावर पिणारी शालू आणि सासू धोंडाबाई. तिचे गुडघे सुजलेले असत आणि ती दिवसभर चुलीपाशी पाय लांब करून बसे.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात डॉक्टर आठल्ये वाडीत आले.

आठल्ये मुंबईचे. विलायतेत शिकत असताना ते तिथल्या एका जुन्या शहरात राहून आले होते. त्या शहरात जमिनीतून आपसूक ऊन पाणी येतं, दोन हजार वर्षं लोक त्यात बसायला जातात, राजेसुद्धा गेले, आणि सबंध गाव त्या पाण्यावर जगतं, हे ते भेटेल त्याला सांगत. घाट चढून गाडी वर आली की मुंबईची माणसं खिडकीतून डोकं काढून हवा घेतात. हवेसाठी येतात तर पाण्यासाठी का येणार नाहीत, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी पाटलांकडून कपारीची जागा घेतली, दगडी भिंत घातली, मंगलोरी कौलांची इमारत उठवली. आत दोन हौद, एक पुरुषांचा, एक बायकांचा. इथलं पाणी गार, म्हणून ते तापवायला तांब्याचे मोठमोठे बंब आणले. बंबांना लागणारं सरपण डोंगरावरच्या ठाकरवाडीनं आणून द्यायचं ठरलं. ठाकरवाडीतला नवसू म्हणून वयस्क माणूस पहिली मोळी टाकायला आला तेव्हा भिंतीकडं बघत उभा राहिला.

"आमचं पानी आता तुमच्याकडं मागायचं का काय?" त्यानं विचारलं.

डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "मोरीचं पाणी भिंतीबाहेर काढलंय. ते तुमचंच."

मोरीचं म्हणजे आजाऱ्यांच्या आंघोळीचं. नवसू मोळी टाकून निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मोळी घेऊन आला, कारण त्या दिवसांत डोंगरावर खायला काही नव्हतं.

मुक्ताबाईला काम मिळालं ते अचानकच. मुंबईहून आलेली एक स्थूल म्हातारी टांग्यातून उतरताना पाय अडकून पडली. चार गडी 'इकडून धर, तिकडून धर' करत उभे राहिले. मुक्ताबाई डोक्यावरचा भारा खाली टाकून पुढं झाली, म्हातारीच्या काखेत हात घातले आणि तिला उचलून थेट पायरीवर बसवली. डॉक्टर व्हरांड्यातून बघत होते.

"कामाला येशील का इथं?" त्यांनी विचारलं.

"काय काम?"

"बायकांना आंघोळ घालायची."

"बाळंतिनीला घालत्यात तशी?"

"तशीच. फक्त या आजारी बायका."

धोंडाबाईला ते रुचलं नाही. "परक्याची अंगं धुवायची? त्यापरीस लोकाच्या आवणीला जा," ती म्हणाली. पण भाताची आवणी पावसाळ्यात, आणि पोट बारा महिने. दिवाळीनंतर मुक्ताबाई कामाला लागली.

पहाटे बंब पेटत. उजाडता उजाडता पहिल्या बाया येत, कुणी टांग्यातून, कुणी डोलीतून. मुक्ताबाई लुगड्याचा काचा मारून हौदात उतरे आणि एकेकीला उचलून पाण्यात घेई. कुणाचे सांधे धरलेले, कुणाची कंबर गेलेली, कुणी बाळंतरोगानं खंगलेली. ती त्यांना पाण्यात धरून ठेवी, पाय चोळी, पाठ चोळी, आणि त्यांचं ऐकून घेई. बायकांना पाण्यात गेल्यावर बोलावंसं वाटतं. सासूचं, सवतीचं, मेलेल्या लेकरांचं सगळं त्या तिच्या खांद्यावर डोकं टेकून सांगत. अर्धा तास झाला की ती एकीला बाहेर काढून पंच्यात गुंडाळी आणि तशीच ओल्या लुगड्यानं अंगणातून जाऊन दुसरीला घेऊन येई. अंगणात खंडाळ्याकडून येणारा वारा सरळ अंगावर असे. आत ऊन पाणी, बाहेर ते वारं. दुपारपर्यंत असं दहा-बारा वेळा होई.

व्हरांड्यात डॉक्टरांनी त्या विलायतेतल्या शहराची तसबीर लावली होती. दगडी खांब, मधोमध हिरवट पाण्याचा मोठा हौद, वर वाफ. एकदा पंचे वाळत घालताना मुक्ताबाई तिच्यासमोर थांबली.

"ह्येच का त्ये?"

"हेच," डॉक्टर म्हणाले. "बघ, किती माणसं आहेत काठावर."

"आन् आंघोळ घालनारी बाई कुटं हाय ह्यात?"

डॉक्टरांनी चष्मा वर करून तसबिरीकडं पाहिलं. "असेल कुणीतरी," ते म्हणाले. "चित्रात नाही आली."

मुक्ताबाईला डॉक्टर वाईट वाटले नाहीत, तेव्हाही नाही आणि पुढंही नाही. ते स्वतः रोग्यांच्या नाड्या बघत, थर्मामीटर घेऊन हौदाचं पाणी मोजत, आणि कुणी बरं वाटतंय म्हणालं की लहान मुलासारखे खूश होत. धोंडाबाईला एकदा हौदात उतरू द्यावं म्हणून मुक्ताबाईनं विचारलं, तेव्हा मात्र त्यांची चलबिचल झाली. मुंबईच्या बायका काय म्हणतील हे त्यांना माहीत होतं. "मोरीपाशी बसव तिला," ते शेवटी म्हणाले. "पाणी तेच आहे."

मुक्ताबाईनं सासूला पाठीवर घेऊन भिंतीबाहेर नेलं. तिथं ठाकरवाडीच्या बाया नि पोरं मोरीच्या तोंडाशी पाय सोडून बसली होती. धोंडाबाईनं वाहत आलेल्या पाण्याकडं पाहिलं. त्यात साबणाचा फेस होता आणि एक केसांचा गुंता होता.

"मला घरी ने," ती म्हणाली.

"आत्याबाई, गरम हाय, बगा तरी."

"घरी ने म्हनते ना."

ती पुन्हा त्या पाण्याकडं गेली नाही. तीन पावसाळे चुलीपाशी काढून ती तिथंच गेली. मुक्ताबाई मात्र मोरीपाशी बसणाऱ्या बायांसाठी जमेल तेव्हा बंबातली एखादी जास्तीची बादली हौदात रिकामी करी, म्हणजे त्यांच्यापर्यंत पाणी कोमट तरी पोचे.

चोवीस सालच्या सुमाराला मथुरा आली. मुंबईच्या एका सॉलिसिटराची मुलगी, सोळा वर्षांची. नवव्या वर्षी ताप आला आणि ताप उतरला तो पायांतली शक्ती घेऊन. पाय काटकीसारखे, पण चेहरा असा की टांग्यातून उतरवली तेव्हा अंगणातले गडी बघतच राहिले. वडिलांनी लोणावळ्यात बंगला भाड्यानं घेतला होता. आई रोज सकाळी तिला घेऊन येई आणि काठावर पाटावर बसून जप करी.

मथुरा फार बोलायची नाही. पहिले काही दिवस ती डोळे मिटून पाण्यात पडून राहायची. मुक्ताबाईच तिला वाडीतल्या गोष्टी सांगे. शालूनं शेळीच्या पिलाला स्वतःचं झबलं घातलं हे ऐकून मथुरा हसली, आणि त्यानंतर रोज "आज शालूनं काय केलं?" असं विचारू लागली.

त्या मोसमाच्या शेवटी, होळीच्या जवळपास, मुक्ताबाईनं तिला छातीइतक्या पाण्यात घेतलं. काखेत हात घालून सरळ धरलं. मग हळूहळू हात सैल केले.

"मुक्ताबाई, सोडू नकोस हं!"

"म्या कवाच सोडलंय."

मथुरानं खाली पाहिलं. मुक्ताबाईचे दोन्ही हात पाण्याच्या वर होते. मथुरा उभी होती. ती जोरात ओरडली, काठावर आईची माळ हातातून गळून पडली, आणि बाहेर बंबापाशी असलेले गडीसुद्धा धावत दाराशी आले. त्या दिवशी सबंध स्नानगृहात पेढे वाटले. मथुराच्या वडिलांनी डॉक्टरांना मिठी मारली. मुक्ताबाईला त्यांनी लुगडं दिलं. ती घरी गेली आणि शालूला कुशीत घेऊन उगाचच रडली.

दुसऱ्या दिवशी मथुराला फरशीवर उभी करायचं ठरलं. आई एका बाजूला, डॉक्टर दुसऱ्या बाजूला. त्यांनी हात सोडले मात्र, मथुरा ओल्या पंच्यासारखी खाली आली. डॉक्टर घाईघाईनं म्हणाले, "वेळ लागतो, वेळ लागतो."

सगळे गेल्यावर मुक्ताबाई त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"डाक्टरसाहेब, काल पोर उभी ऱ्हायली व्हती. म्या सोताच्या डोळ्यांनी बगितलं."

डॉक्टरांनी थर्मामीटर पुसून डबीत ठेवला. मग म्हणाले, "पाण्यात माणसाला स्वतःचं वजन राहत नाही, मुक्ता. ती उभी नव्हती. पाण्यानं तिला धरलं होतं."

"मंग बाहेर?"

"बाहेर पाणी नसतं."

"आन् पुढं कधी?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तिला सांगू नकोस. आशा असली की दोन घास जास्त जातात."

मुक्ताबाईनं सांगितलं नाही. मथुरा दर हिवाळ्याला येत राहिली. रोज तिला पाण्यात उभी करायची, रोज ती विचारायची, "बाहेर कधी उभी राहीन गं?" आणि मुक्ताबाई म्हणायची, "पुढल्या हिवाळ्यात, आई एकवीरेच्या दयेनं." सोळाची मथुरा वीसची झाली, तेवीसची झाली. तिच्या धाकट्या बहिणींची लग्नं झाली. आईचं काठावर जप करणं थांबलं. आता सोबत फक्त मोलकरीण येई. तिकडं शालूही मोठी झाली आणि सुदुंबऱ्यात महिपती नावाच्या मुलाला दिली. मथुरानं तिच्यासाठी मुंबईहून हिरव्या बांगड्या आणल्या.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी मथुरा म्हणाली, "तू खोटं बोलायचं असलं की माझी पाठ चोळायला घेतेस. समोरून कधी बोलत नाहीस."

मुक्ताबाईचे हात थांबले.

"मी बाहेर उभी राहणार नाही ना?"

"न्हाई," मुक्ताबाई म्हणाली.

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

"त्या होळीपासनं."

पाण्यावर वाफ होती, बाहेर कुणीतरी सरपण फोडत होतं. मथुरानं विचारलं, "मग रोज मला उभी का करतेस?"

"तुमास्नी आवडतं म्हनून."

"उद्या करू नकोस."

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाईनं तिला नुसतं पाण्यात आडवं धरलं. थोड्या वेळानं मथुराच म्हणाली, "कर." मुक्ताबाईनं तिला उभी केली. मथुरा डोळे उघडे ठेवून, भिंतीकडं बघत, वेळ संपेपर्यंत तशीच उभी राहिली.

पुढच्या हिवाळ्याला ती आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. एकदा तिचा भाऊ नव्या बायकोला घेऊन लोणावळ्याला हवा खायला आला होता. तो स्नानगृह दाखवायला तिला घेऊन आला, तेव्हा मुक्ताबाईनं पुढं होऊन विचारलं, "मथुराताई बऱ्या हायेत का?"

"ताई?" तो म्हणाला. "ती गेली. श्रावणात गेली, दोन वर्षं झाली." आणि बायकोला म्हणाला, "हीच ती, जी तिला आंघोळ घालायची."

नवी सून मुक्ताबाईकडं बघून हसली. मुक्ताबाईनं पदर सारखा केला आणि आत जाऊन राहिलेल्या बाईची आंघोळ उरकली.

हात दुखायला लागले ते त्याच सुमाराला. आधी सकाळी बोटं ताठलेली असत, ऊन पाण्यात घातली की सुटत. मग सुटायला वेळ लागू लागला. पेरं सुजली, सुपारीएवढी झाली. एका थंडीत उजव्या हाताची बोटं करंगळीच्या बाजूला कलली ती पुन्हा सरळ झाली नाहीत. गुडघे रात्रंदिवस ठणकत. धोंडाबाई चुलीपाशी जशी बसायची तशी मुक्ताबाई घरी गेल्यावर बसू लागली. पण घरी बघायला कुणी नव्हतं, आणि कामावर ती पाण्याखाली हात ठेवी. पाण्याबाहेर आली की ते पदरात गुंडाळी.

डॉक्टर थकले होते. कारभार आता त्यांचा पुतण्या बघे. त्यानं पहिली गोष्ट केली ती ही, की मोरी बुजवून तिचं पाणी नळानं पुढच्या बागेतल्या गुलाबांना सोडलं. भिंतीबाहेर ती उघडीनागडी माणसं बसलेली पाहुण्यांना बरी दिसत नाहीत, असं त्याचं म्हणणं. नवसू तोवर वारला होता. त्याच्या वाडीतल्या बाया कोरड्या मोरीशी येऊन उभ्या राहिल्या, आणि दोन-चार दिवसांनी यायच्या बंद झाल्या.

मग एक दिवस पुण्याच्या एका बड्या घरची बाई आली. सांधेदुखीचीच. मुक्ताबाई तिला उचलायला वाकली आणि पकड सुटली. बाई पडली नाही, कडेला टेकली. पण तिनं मुक्ताबाईचा हात मनगटाला धरून उजेडात ओढला.

"अगं बाई! हिचेच हात असे? ही जन्मभर या पाण्यात आहे ना? मग आम्हाला काय गुण येणार?"

हौदातल्या बाकीच्या बाया वळून बघू लागल्या. एक हळूच पाण्याबाहेर निघाली.

पुतण्यानं मुक्ताबाईला त्याच दुपारी बोलावलं. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "उद्यापासून हौदाकडं नको. मागं पंचे धू." पंचे धुणं म्हणजे गार पाणी आणि पिळणं. तिसऱ्या दिवशी तिला पंचा पिळता येईना.

तेव्हा ती डॉक्टरांकडं गेली. ते व्हरांड्यात शाल पांघरून बसले होते. तिनं पदरातून हात काढले आणि त्यांच्यासमोर धरले. त्यांनी ते स्वतःच्या हातात घेतले, एकेक पेर दाबून पाहिलं.

"किती दिवस?"

"झाली की पाच-सा वरीस."

"बोलली का नाहीस?"

तिनं आतल्या हौदाकडं पाहिलं. मग म्हणाली, "डाक्टरसाहेब, एक मागायचं व्हतं. सगळी गेल्यावर, दुपारी, मला उतरू द्या पान्यात. बाकीच्या बायांगत. नीट बसून. कुनी चोळनारी नसली तरी चालंल."

डॉक्टरांनी तिचे हात सोडले नाहीत. "मुक्ता," ते म्हणाले, "तू अठरा-एकोणीस वर्षं पाण्यातच होतीस."

बागेत माळी गुलाबांना आळी करत होता.

"मंग लोकान्ला बरं वाटतं ते?"

"ऊन पाण्यात कुणालाही बरं वाटतं. कुठल्याही." ते तसबिरीकडं न बघता म्हणाले, "मलाही आधी वाटलं होतं की हे पाणी निराळं आहे."

त्यांनी तिला दुपारी उतरायची परवानगी दिली. ती दोन दिवस उतरली. हौदात एकटी बसली की तिला काय करावं ते कळेना. अंग चोळायला बोटं नव्हती, आणि धरायला समोर कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती गेली नाही.

पुढं युद्ध सुरू झालं. लोणावळ्यातले बंगले सैन्यातल्या साहेबांना लागू लागले, मुंबईची माणसं येईनाशी झाली. डॉक्टर मुंबईला मुलाकडं गेले आणि तिथंच वारले. पुतण्यानं बंब मोडीत काढले, दाराला कुलूप घातलं. ओहळवाडीत मुक्ताबाईला कुणी नव्हतं. भात लावता येत नव्हतं, झोडता येत नव्हतं, रॉकेलची चिमणीसुद्धा लावता येत नव्हती. बेचाळीस सालच्या दिवाळीआधी महिपती बैलगाडी घेऊन आला.

"मावशी, चला," तो म्हणाला. "शालू वाट बघतीय."

"लेकीच्या घरी कसं ऱ्हावं, बाबा?"

"मग हितं कोन घालनार तुमास्नी खायला?" त्यानं साधेपणानं विचारलं. तिनं गाठोडं बांधायला त्याच्याकडं दिलं.

सुदुंबरं उघड्यावरचं गाव. पाऊस बेताचा, शेतात बाजरी. तिथं धुकं नाही, डोंगर लांब. शालूनं आईला नीट ठेवलं, पण घरात आपली तीन पोरं, रेशनचं किडकं धान्य, आणि वर हे एक माणूस, ज्याला वेणीसुद्धा दुसऱ्यानं घालावी लागे. मुक्ताबाई भाकरी दोन्ही मनगटांत दाबून तोंडाशी नेई. पोरं आधी हसत, मग त्यांना सवय झाली.

समोरच्या घरात झुंबरबाई राही. तिची नात सरू आठ वर्षांची, पाय मथुरासारखे. सरूची आई बाळंतपणात गेलेली, बाप पुण्याला हमाली करायचा. शालूची आई लोणावळ्याच्या औषधी पाण्यावर कामाला होती, हे झुंबरबाईच्या कानावर गेलं आणि ती लगेच येऊन समोर बसली.

"मावशी, खरं सांगा. पोरीला तितं न्हेलं तर गुन यील का? आमी शेरडं इकतो. काय बी करतो."

मुक्ताबाईनं ओट्यावर बसवलेल्या सरूकडं पाहिलं. पोर माशी हाकलत होती.

"नका न्हेऊ," ती म्हणाली.

"का?"

"काय बी व्हनार न्हाई. म्या केलंय त्ये काम. अशीच एक पोर व्हती. न्हाई झाली बरी."

"एक न्हाई झाली म्हनून माजी न्हाई व्हनार?"

"कुनीच न्हाई झाली, झुंबरबाई."

झुंबरबाईचा चेहरा उतरला आणि मग तापला. "तुमचं सोताचं हात गेलं म्हनून दुसऱ्याच्या लेकराचं बी जाऊ द्या म्हनताय," ती म्हणाली आणि उठून गेली. शालू चुलीपाशून सगळं ऐकत होती.

"बोलली असतीस की जा म्हनून," ती आईवर चिडली. "तुजं काय जानार व्हतं त्यात?"

"तितं कुलूप हाय, शालू."

"मंग तेवडंच सांगायचं व्हतंस. कुलूप हाय म्हनून."

मुक्ताबाईला ते पटलं. पण तोवर बोलून झालं होतं.

झुंबरबाईनं शेरडं विकलीच. वडगावपर्यंत गाडी, तिथून आगगाडी. पोरीला पाठुंगळी मारून ती ओहळवाडीला गेली आणि दाराचं कुलूप बघून परत आली. आल्यावर तिनं कुणाला काही सांगितलं नाही. मुक्ताबाईशी ती त्यानंतर शेवटपर्यंत बोलली नाही.

सरू मात्र बोलायची. सकाळी घरातली माणसं शेतावर जाताना झुंबरबाई तिला ओट्यावर आणून ठेवी, आणि शालू आईला समोरच्या भिंतीशी उन्हात बसवी. गल्ली अरुंद होती. दोघी दिवसभर समोरासमोर असत.

"मावशी, आतमदी पानी कसं व्हतं गं?" सरूनं एकदा विचारलं. "आजीनं बगूच न्हाई दिलं. भित्तीच्या वर चढवलंच न्हाई."

"पान्यागत पानी."

"तांबडं व्हतं?"

"दगुड तांबडा व्हता."

"आन् त्यात उतरलं की काय व्हतं?"

मुक्ताबाईनं वाकडे हात उन्हात मांडीवर ठेवले.

"हलकं वाटतं," ती म्हणाली.

उन्हं सरकली तशी सरूनं हातांवर जोर देऊन स्वतःला ओट्यावर उन्हाकडं ओढलं. मुक्ताबाईला सरकायला शालूची वाट बघावी लागली.

सेहेचाळीस सालच्या पौषात मुक्ताबाई गेली. थंडीचा कडाका होता, तिला खोकला झाला, आणि चार दिवसांत आटोपलं. महिपतीनं नदीवर नेऊन सगळं रीतसर केलं. शालू महिनाभर रडली, मग ज्वारीच्या खळ्यावर गेली. सरूला सकाळी ओट्यावर आणून ठेवत, दिवस मावळला की आत नेत.